दहा मिलिमीटर

"चाक काढून बघितल्याशिवाय अर्पिता या गाडीत बसणार नाही," असं म्हणत संपदाने लेकीचा हात आणखी घट्ट धरला.

ड्रायव्हर हरिदासने कपाळावर हात मारला. "मॅडम, चार साल से इसी में बच्चे स्कूल ले जा रहा हूँ. एक पुर्ज़ा नहीं बदलना पड़ा!"

सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समधली तीन पोरं फुटपाथवर दप्तरं आपटत उभी होती. अर्पिताचा आज नर्सरीतला पहिला दिवस. आठवडाभर संपदाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सीटबेल्ट तपासून झाले होते, टायर झाले होते. राहिले होते मागचे डिस्क ब्रेक.

"अगं, मुलगी बघायला आल्यासारखी काय निरखतेस गाडीला!" शेजारची स्वरूपा हसली. "आमचा राजवीर वर्षभर जातोय ना हिच्यातून!"

"जाऊ दे. मला बघू दे."

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या शंकरने जॅक लावून चाक उतरवलं. संपदा उकिडवी बसली आणि तिने मोबाइलचा टॉर्च आत मारला. व्हिडिओ बघून बघून तिला सगळं तोंडपाठ झालं होतं. प्रत्येक ब्रेकला पॅड फिरती डिस्क पकडतो आणि थोडा थोडा झिजतो. तीन मिलिमीटरच्या खाली गेला, की धोका. तिने पट्टी लावली.

दहा.

"मॅडम, एक बात..." शंकरने तोंड उघडलं.

"सब पता है भैया, पढ़ के आई हूँ. आप बस दूसरा पहिया खोलो."

तिकडेही दहाच. तडा नाही, गळती नाही. तिने पुन्हा मोजलं. दहा.

शंकर चाकं कसून हात धुवायला दुकानात गेला.

"गेट बंद हो जाएगा, मॅडम!" हरिदास कळवळला.

संपदाने अर्पिताला सीटवर बसवलं, बेल्ट लावला, ओढून पाहिला, परत एकदा ओढून पाहिला. गाडी रिंग रोडच्या गर्दीत दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. आपण शंकरवर उगाच खेकसलो, असं वाटून ती दुकानाशी गेली.

"थँक्यू हाँ, भैया. एकदम नये जैसे निकले."

शंकरचे ओले हात तसेच राहिले. गाडी उभी होती त्या रिकाम्या जागेकडे त्याने पाहिलं.

"भेज दी? मैं तो समझा, आप गाड़ी वर्कशॉप भेजेंगी. चार साल के पैड हैं, मॅडम. घिसते तो तब ना, जब कभी पकड़ते."