नववी खेळाडू

"गावाकडची ती यमुना पळते झकास, पण गुडघा गेलाय म्हणे."

"मग विद्यापीठाच्या संघात घेऊन काय ओवाळायचं तिला?"

खो-खोच्या निवडचाचणीला जमलेले शौकीन हसले. प्रशिक्षकाचं पेन थांबलं.

शेजारी बसलेल्या तिच्या गुरुजींनी ऐकलं. ते गप्प राहिले असते, तर यमुना गावच्या संघातच राहिली असती.

"गुडघा ठणठणीत आहे. दुसरीपासून मीच पळवलंय तिला," ते म्हणाले. "बिनघोर घ्या."

यमुनाची निवड झाली. पाया पडताना तिने विचारलं, "गुरुजी, आता गावात कोण पळणार?"

"आहेत की पुष्कळ."

दुसऱ्या सकाळी गावच्या मैदानावर आठ मुली आपापल्या जागी बसल्या. पळायला नववी उरलीच नव्हती. गुरुजींनी शिट्टी खिशात टाकली. चपला काढून ते खांबाशी उभे राहिले.