चुलाणातली पानं

जपानच्या किनाऱ्यावरच्या चिगासाकी गावातल्या विश्रामगृहात शिओमी सेन्सेई, म्हणजे माझे गुरुजी, आणि मी सिनेमाचा एकच प्रसंग वेगवेगळ्या खोल्यांत लिहायचो. दिग्दर्शक दोन्ही वाचायचे. आवडलेला पटकथेत जायचा, नाकारलेला न्हाणीच्या चुलाणात. हरलेल्याने बाहेर बसून जाळ घालायचा, जिंकलेल्याने हौदात डुंबायचं. चार वर्षं मीच फुंकणी फुंकत होतो. "लिखाणात धग आहे हो तुझ्या!" सेन्सेई आतून खिजवायचे. यंदाही हरलो तर गावी जाऊन वडिलांच्या दुकानात शेवया कापायच्या, असं ठरवूनच आलो होतो. आज दिग्दर्शकांनी माझी पानं वाचून डोळे पुसले आणि सेन्सेईंची त्यांना परत केली. सेन्सेई हसत उठले, बाह्या सरसावून चुलाणापुढे बसले. पहिल्यांदाच मी गळ्यापर्यंत पाण्यात होतो. खिडकीबाहेरून खोकत त्यांनी हाक दिली, "पाणी कसंय, सेन्सेई?" "कोमट!" मी ओरडलो. "लिखाणात धग नाही हो तुमच्या!"