सहावं माणूस

सेर्वाने, नवऱ्याने आणि दिराने आपापल्या पगाराच्या पावत्या वकिलापुढे ठेवल्या. आठ वर्षं मायदेशी कुमासीत आजीपाशी राहिलेल्या लेकीला व्हिसा मिळवून ब्राँक्सला आणायचं, तर तिघांची कमाई एकत्र दाखवणं भाग होतं. “वहिनी, पोकुआ आली की माझ्या जेवणातलं फुफू तीच कांडणार हां!” दीर म्हणाला. वकील हिशेब मांडत होता. “तुमच्या धाकट्या मुलाला आणि पोकुआला धरून घरात पाच माणसं. माणसांगणिक कमाईची अट वाढते. तुमचं काठावर बसतंय.” सेर्वाने खाली मान घातली. “मला दिवस गेलेत.” नवऱ्याचा चेहरा उजळला. वकिलाने पेन खाली ठेवलं. “व्हिसाच्या मुलाखतीआधी जन्मलं तर सहावं धरावंच लागेल. मग एवढी कमाई पुरणार नाही, ताई.” रविवारी फोनवर बातमी ऐकून पोकुआ आनंदाने किंचाळली. “आई, मी आल्यावर बाळाला पाठीला मीच बांधणार! दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही!” सेर्वा ‘बरं’ म्हणाली. पुढचं काही तिच्याने सांगवेना.