पोटरीतली गाठ

"नडगीवर नको दाबू, बाळा. हाड हाय ते," बानाबाई म्हणाली. "मागं ये, पोटरीवर."

शिवमनं वाटीतलं कोमट करडीचं तेल बोटांना लावलं आणि टाचेपासून पुन्हा सुरुवात केली.

बिडकीनजवळच्या या वस्तीवर तो आज पहिल्यांदाच आला होता. भिंतीवर बानाबाईच्या एकुलत्या एका पोराचा, भारतचा, हार घातलेला फोटो होता. पैठण रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली, त्याला दोन वर्षं झाली होती. ताटं उचलताना बानाबाईच्या पायात गोळा आला, तेव्हा शिवमच म्हणाला होता, "मावशी, मी चोळू का?"

तिनं त्याच्या हातांकडं पाहिलं होतं. मग पाय पुढं केला होता.

"तळहातानं वर ये, गुडघ्याकडं. हां. गाठ लागली का?"

"नीट कळंना. बोटांना अजून तेवढं समजत नाय."

"समजंल. अंगठा ठिव आन् दम धर. रगडू नको. ती आपसूक सुटती."

अंगठा थांबला. पोटरीत खडा रुतावा तशी कळ उठली, मग हळूहळू विरघळत गेली. बानाबाईनं डोळे मिटले.

"मेंढरं कोंडून आला की भारत असाच बसायचा. आधी माझे पाय, मग भाकर."

"दुखतंय का, मावशी?"

"नाय. थांबू नको."

शेजारच्या भामाबाईनं दारातून डोकावलं. "कोण पाव्हणं म्हणायचं?"

"भारतकडचं हायती," बानाबाई डोळे न उघडताच म्हणाली.

उन्हं कलली तसा शिवम उठला. "निघतो आता. बस मिळायची नाय."

"जरा हात दे."

"तेलकट हायती."

"आसू दे."

तिनं ते दोन्ही हात मांडीवर घेतले, पदरानं एकेक बोट पुसलं, हात गालाला लावले. मग शर्टाच्या बाह्या हलकेच वर सारल्या. दोन्ही कोपरांच्या खाली टाक्यांची गोल रेघ होती. मळणीयंत्रानं तोडलेला शिवम तिथं संपत होता. त्या रेघेखाली होते ते, दवाखान्यात तिनंच संमतीच्या कागदावर अंगठा उठवून दिलेले, भारतचे हात.