केटिलनं पुरलेला पाव

"आठाला वीस मिनिटं आहेत," सिग्नी फावडं टेकून म्हणाली. "त्याआधी हात लावायचा नाही."

तळ्यावर शोधपथकाच्या दोन होड्या फिरत होत्या. तिचा थोरला मुलगा केटिल काल सकाळी जाळं काढायला गेला, तो परतलाच नव्हता. दुपारी त्याची होडी उलटी सापडली. सिग्नी तेव्हा बहिणीकडे होती. निरोप मिळाल्यावर ती रात्री कशीबशी पोचली.

धाकटा ब्रांडुर सगळ्यांना एकच सांगत होता. केटिलनं काल आठ वाजता पावाचं भांडं वाळूत पुरलं, वर खुणेचा दगड ठेवला, आणि "उद्या मीच काढीन" म्हणून तो होडीत बसला.

"दगड आहे की तिथं," तो पथकाच्या प्रमुख बाईला, हाल्डोराला म्हणाला. "केटिलला जाताना मी पाहिलं."

आमच्या तळ्याकाठची वाळू जमिनीखालच्या उकळत्या झऱ्यांमुळं बारा महिने आतून रटरटत असते. राय या धान्याचं भिजवलेलं गोडसर पीठ भांड्यात घालून तिच्यात चोवीस तास पुरायचं, तेव्हा कुठं काळा, मऊ पाव होतो. ही वाळू घाईला भीक घालत नाही. सिग्नीच्या खाणावळीत तो पाव लोण्याशी आणि धुरावलेल्या मासळीशी खायला लोक तीन-तीन तास गाडी हाकत येतात. ब्रांडुरला त्याचं कधी कौतुक नव्हतं. तो राजधानीत राहायचा, परवाच घरी आला होता; खाणावळ हॉटेलवाल्यांना विकून टाकू म्हणायचा. केटिल ऐकत नसे. भावाभावांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

"आई, राहू दे तो पाव," ब्रांडुर म्हणाला. "कुणाच्या घशाखाली उतरणार आहे?"

"ही माणसं कालपासून उपाशी आहेत. केटिलनं राहू दिली असती?"

"मग मी काढतो. तू बस."

"तू? जन्मात कधी फावडं धरलंयस?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. पोराचे डोळे सुजले होते. हात लालभडक झाले होते. दोर ओढून सोलवटले असतील बिचाऱ्याचे.

"त्याच्यावर नको गं चिडू," हाल्डोरा म्हणाली. दोघी एका वर्गातल्या. "एकजण तरी राहिलाय तुझ्यापाशी."

सिग्नीला रडू आवरेना. "ह्यालाही काही झालं ना, हाल्डोरा, तर मी कुणासाठी जगू?"

आठ वाजले. तिनं दगड सरकवला, वाळू उपसली, भांडं वर घेतलं. सगळ्यांकडे पाठ करून झाकण उघडलं आणि सवयीनं आत बोट दाबून पाहिलं. मग झाकण पुन्हा घट्ट लावलं.

"झाला का गं?" हाल्डोरानं विचारलं.

सिग्नीनं मान वळवली. ब्रांडुर तिच्याकडेच बघत होता. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग भाजल्यासारख्या त्या लाल हातांकडे.

"करपला," ती म्हणाली.

"तुमच्याकडचा?" हाल्डोरा म्हणाली. "चाळीस वर्षांत कधी करपला नाही!"

"ह्या खेपेला करपला."

तिनं भांडं झाकणासकट तळ्यात लांब भिरकावलं. मग काठावर वाकून बोटाला चिकटलेलं कच्चं, ओलं पीठ चोळून चोळून धुतलं.