वाशिमचा इंटरव्ह्यू

तांब्यात निखारे भरून भागिरथाबाई इंद्रभानच्या शर्टावर इस्त्री फिरवत होती. कॉलर तीनदा झाली, तरी तिचं मन भरेना.

काल सांजच्या यष्टीनं पोरगा अचानक मंगरूळपीरात उतरला. सहा वर्षं तो पुण्यात होता, कपाटाएवढे कॉम्प्युटर बनवणाऱ्या बड्या कंपनीत. येतो म्हणून चिठ्ठी नाही, काही नाही. अर्धी भाकर खाल्ली आणि एवढंच म्हणाला, "उद्या वाशिमले इंटरव्ह्यू हाय, माय."

पुढचं तिनं विचारलंच नाही. नोकरी शाबूत असलेला माणूस पुणं सोडून इंटरव्ह्यूले कशाला येईल? शेजारच्या धुरपताबाईचा जावई असाच सुट्टीवर आला होता. तीन वर्षं झाली, सुट्टी काही संपेना.

"माय," बूट पुसता पुसता इंद्रभान म्हणाला, "पुण्याच्या पह्यल्या इंटरव्ह्यूले मी लई घाबरलो होतो का वं?"

"घाबरला? आठ दिवस पोटात अन्न ठरलं नाई तुह्या. वापस आला अन् म्हणला, साहेबानं पह्यले आडनाव इचारलं, मंग वर पाह्यलंच नाई."

"नोकरी तं भेटली ना."

"भेटली. पण तुहं ते तोंड मी इसरली नाई."

त्यानं दुसरा बूट पुढे ओढला. "मंग त्या साहेबानं काय कराले पायजे होतं?"

"त्या साहेबाचं काय घेऊन बसला बाप्पा? तू तुहं पाह्य." तरी ती बोललीच. "पह्यले पाणी द्यावं. इचारावं, पोरा, जेवून आला काय? मंग पुसा म्हणा तुमची गणितं."

इंद्रभाननं खिशातला कागद काढून काहीतरी लिहून घेतलं.

तोवर ती ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. "मी बी येतो."

"तू कायले वं?"

"वाशिमात काम हाय मले."

काम कसलं! परतीच्या यष्टीत पोरानं एकटंच खिडकीबाहेर बघत बसू नये, एवढंच.

गाडीत ती हळूच म्हणाली, "नाई भेटली तरी घरी भाकर हाय. दोघांले पुरते."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ओठाशी आलेलं हसू आवरलं आणि तिचा हात हातात घेतला. "पुरते, माय."

वाशिमच्या शाळेच्या व्हरांड्यात वीस-पंचवीस पोरं बाकांवर दाटीनं बसली होती. तेल लावून चापलेले केस, मांडीवर कागदांच्या फायली. शेवटच्या बाकावर वीतभर जागा दिसली, तशी भागिरथाबाई लगबगीनं पुढे झाली. पदरानं तेवढा बाक पुसला.

"सरका गा जरासे, माह्या पोराले बसू द्या."

आतून शाळेचा शिपाई धावत आला. त्यानं वाकून इंद्रभानच्या हातातली बॅग घेतली, तशी सगळी पोरं ताडकन उभी राहिली.

"या साहेब," शिपाई म्हणाला, "पोरं सकाळपासून तुमचीच वाट पाहून राह्यले."