हजार तास

अम्मीच्या हृदयाचं ऑपरेशन सोमवारी ठरलं, तेव्हा इलियासमामूंनी रोह्याहून जर्मनीत पीएचडीनंतरची तिसरी कंत्राटी पोस्टडॉक करणाऱ्या माहिराला फोन लावला.

"येतेस ना गो?"

"नाय जमत, मामू. पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या सेलची चाचणी चालू हाय. हजार तास अखंड चालवायची. आता कुठं सहाशे झालेत."

"दुसरं कोणतरी बघंल की!"

"त्यानं बघितली तर पेपर त्याचा. पेपर नाय तर प्रोफेसर करार वाढवत नाय. करार नाय तर व्हिसा नाय."

"दुनियेची हवा साफ करतेस, आणि करार बारा महिन्यांचा? आम्हा क्रेनवाल्यांना कुवेतला दोन वर्षांचा मिळायचा."

मामूंना त्याच कुवेतहून स्वतःच्या बापाच्या जनाज्याला येता आलं नव्हतं. कफिलानं, म्हणजे तिथल्या मालकानं, पासपोर्ट कपाटात कोंडला होता.

"तुझा पासपोर्ट कोणाकडं हाय?" त्यांनी विचारलं.

"माझ्याच पर्समध्ये."



"मग तुझा मालक लई हुशार, पोरी. माझ्या कफिलाला निदान कुलूप तरी लावायला लागलं होतं."